डिकीतलं खोकं आणि अप्पांचा डावा हात

अप्पांनी पखवाज देऊन टाकायचं ठरवलं, आणि मला ते सोमवारी सकाळी चहाबरोबर कळलं. "रविवारी अकरा वाजता हावड्याचे ते बँकवाले येणारेत पखवाज न्यायला," ते म्हणाले. "मी मेसेज केलाय त्यांना." आणि बशीतला चहा फुर्र करून प्यायले. जणू रद्दीवाला येणार होता.

मी ओरडले. ओरडून उपयोग नव्हता, कारण माझ्या वडलांना ऐकू येत नाही. दीड वर्षापूर्वी आधी उजवा कान गेला, मग डावा. मशीन आणलं, बदललं, परत बदललं. ते लावलं की त्यांना म्हणे कुणी डब्यात खिळे हलवल्यासारखं व्हायचं. शेवटी मशीन कपाटात गेलं आणि टीपॉयवर दोनशे पानी वही आली. आम्ही वहीत लिहायचं आणि त्यांनी तोंडाने उत्तर द्यायचं. त्यामुळे आमच्या भांडणात एकच आवाज असतो, तोही त्यांचा. मी पेन घेतलं आणि पान भरून लिहिलं, "मला न विचारता?"

"पखवाज माझा आहे," अप्पा म्हणाले. "वाजवायचा नसेल तर ठेवू नये, कातडं मरतं. ते गृहस्थ मराठी मंडळाच्या भजनात वाजवतात. हात बरा आहे त्यांचा."

मी पेन टीपॉयवर आपटलं. अप्पा मिरजेला पोस्टात होते. दिवसभर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी देवळात भजनाला बसायचे. आई गायची, अप्पा पखवाज धरायचे. आई गेली तेव्हा मी त्यांना इथे बेहालाला घेऊन आले. सोबत एक ट्रंक आणि हा पखवाज. कोलकात्यात मराठी बोलायला घरातली आम्ही दोघं नवराबायको आणि महिन्यातून एकदा मंडळाची माणसं. कान गेल्यावर तेही संपलं. दिवसाला वीसेक शब्द बोलत असतील. सरळच सांगते, मला भीती वाटत होती. पखवाज गेला की हा माणूस खिडकीशी बसून राहील आणि एक दिवस बोलायचाच थांबेल.

पण माझ्याकडे एक गोष्ट होती, जी मी अजून कुणाला सांगितली नव्हती.

यंदा दुर्गाविसर्जनाच्या दिवशी मी आणि अप्पा गाडीत अडकलो होतो. पुढे ट्रक, ट्रकवर देवी, मागे दहा-बारा ढाकवाले, म्हणजे इथले ढोलवाले, आणि भलेमोठे स्पीकर. मी हॉर्नवर डोकं टेकून चिडचिड करत होते. सहज आरशात पाहिलं तर अप्पांचा तळवा खिडकीच्या काचेवर होता आणि एक बोट वाजत होतं. मी बाहेरच्या ढाकाकडे कान दिला. अहो, बोट बरोबर समेवर पडत होतं! एकदा नाही, सिग्नल सुटेपर्यंत. कानांनी नाही तर काचेतून, पाठीमागच्या सीटमधून ते त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात खोकं होतं. मी जहाजांच्या डिझाइनमध्ये काम करते. हवा कुठून कशी जाईल त्याच्या नळ्या काढते. हवेची भाषा मला थोडीफार येते. सबवूफर, म्हणजे खालचे सूर काढणारा मोठा स्पीकर, नुसता डिकीत ठेवला तर समोरून ढकललेली हवा मागून परत येते आणि आवाज पडतो. म्हणून त्याला बंद खोक्यात बसवतात. आणि त्या खोक्याला एक पाइप लावला, की आतली हवा त्या पाइपातून आत-बाहेर हलायला लागते आणि खालचे सूर दुप्पट जोराने येतात. खोकं केवढं आणि पाइप किती लांब, या दोनच गोष्टींवर सगळं ठरतं. घरात ते लावायची सोय नव्हती, कारण खालच्या मजल्यावरच्या बंगाली मावशींना, मासिमांना, आमचा मिक्सरसुद्धा खपत नाही. पण गाडीचा डबा लहान, चारी बाजूंनी बंद, आणि खोक्याला लागूनच मागची सीट. अप्पांची पाठ तिथे टेकली की झालं.

नवरा म्हणाला, "आणि डिकीत सामान कुठे ठेवायचं?" मी म्हटलं, "डोक्यावर."

म्हणजे चित्र तयार होतं. निवांत करू म्हणत मी दोन महिने घालवले होते आणि आता सहा दिवस उरले होते. सोमवारीच चांदनी मार्केटमधून दहा इंची सबवूफर आणि अँप्लिफायर आणला. डिकी तीनदा मोजली. आतली जागा साठ बाय छत्तीस बाय बावीस सेंटिमीटर, अठरा मिलिमीटरचा प्लाय, चार इंची पीव्हीसी पाइप, त्रेचाळीस सेंटिमीटर लांब. स्वच्छ ड्रॉइंग काढून गल्लीच्या तोंडावरच्या सुतारमिस्त्रींना दिलं. त्यांनी गुरुवारी संध्याकाळी खोकं दिलं, आणि कोपरे असे जुळवलेले की नख जाणार नाही. मी खूश.

शुक्रवारी पाइप बसवायला घेतला आणि तिथेच अडले. पाइपाच्या मागे हात आरपार फिरेल एवढी जागा राहायला हवी होती. राहिली होती जेमतेम. मी टेप लावला. प्रत्येक मापात साडेतीन सेंटिमीटर कमी! आतली जागा चौथाईहून जास्त गेली होती. तशीच खोकं उचलून दुकानात गेले आणि मिस्त्रींवर तोंड सोडलं. सगळी गल्ली थांबून बघत होती. मिस्त्रींनी शांतपणे ड्रॉइंग उलगडलं. "दिदी, बॉक्स का माप तो बाहर से होता है. आपने साठ लिखा, हम साठ काटा."

जहाजाच्या ड्रॉइंगमध्ये माप पत्र्याच्या आतल्या कडेपर्यंत देतात आणि जाडी बाहेर धरतात. वीस वर्षं मी तेच करत आलेय. लाकडाच्या खोक्यालाही मी जहाजच समजले होते आणि "आतलं माप" हे दोन शब्द लिहायचे राहिले होते. चूक माझी होती हे कळल्यावर मला जास्तच राग आला. नवीन खोकं कधी देता विचारलं, तर म्हणाले, "मंगलवार." मंगळवारी काय करू त्याचं? पखवाज रविवारी जाणार होता.

तेच खोकं घरी आणलं. खोकं लहान झालं की पाइप लांब करावा लागतो, हे मला माहीत होतं. पण लांब पाइप त्यात मावत नव्हता. भागेल एवढ्यावर, असं मनाला सांगितलं आणि डिकी बंद केली.

शनिवारी दुपारी अप्पांना खाली पार्किंगमध्ये नेऊन मागच्या सीटवर बसवलं. "काय, मिरवणूक काढतेस का माझी?" ते म्हणाले. फोनवर जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं एक भजन लावलं. मिरजेच्या देवळातलं, आई गाते आहे आणि पखवाजावर स्वतः अप्पा. काय आहे ते त्यांना सांगायचं नव्हतं. त्यांनी आपलं आपण ओळखायला हवं होतं.

गाडीचा पत्रा थरथरला. अप्पांनी डोळे मिटले आणि तळवे सीटवर ठेवले. मी आरशातून बघत होते. एक मिनिट झालं, दोन झाली. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"कोण आहे हा?" ते म्हणाले. "शिकाऊ दिसतोय. हात कच्चा आहे अगदी. एक धा संपायच्या आत दुसरा येतो. नुसती गिचमिड."

स्वतःचा हात! चाळीस वर्षं वाजवलेला स्वतःचा हात त्यांनी ओळखला नाही. मी दार उघडून बाहेर आले आणि ते धाडकन आपटलं. खाली काय चाललंय म्हणून पहिल्या मजल्याच्या ग्रिलमधून मासिमा ओरडल्या, "की होच्छे ओखाने?" त्यांच्या शोकेसमधले ग्लास नाचत होते म्हणे. मी हात जोडले, आवाज बंद केला आणि तिथेच गाडीला टेकून खाली बसले. खोकं चुकलंय, का अप्पांचा तालच गेलाय? ढाकाच्या वेळी मी मला हवं तेच पाहिलं होतं का? या विचाराने मला रडूच फुटलं आणि रडू आलं म्हणून परत राग आला.

लिफ्टपाशी अप्पा थांबले. "तुझ्या त्या खोक्याला," ते म्हणाले, "कणीक कमी पडलीय."

लिफ्टचं बटण दाबून मी वळले. "अगं, पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावतात, पाहिलंयस ना लहानपणी? ओली कणीक. कमी लागली तर डावा नुसता भणभणत राहतो. नीट वजन पडलं की खाली उतरतो, गंभीर होतो, आणि वाजला की बसतो. हा तुझा बसत नाही, भटकतो. वजन घाल."

लिफ्टचं दार माझ्यासमोर उघडलं आणि परत मिटलं. वजन! पाइपातली हवा म्हणजे वजनच की. पाइप लांब केला की हवा जड, आणि हवा जड झाली की सूर खाली. हे मी कॉलेजात शिकले होते, सोमवारी गणितात मांडलं होतं, आणि तरी "मावत नाही" म्हणून सोडून दिलं होतं. पाइप खोक्याच्या आतच मावला पाहिजे, असं मला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही.

रविवारी सकाळी नळाच्या सामानाचं दुकान उघडायच्या आधी मी दारात उभी होते. एक एल्बो, म्हणजे वाकडा जोड, घेतला, पाव मीटर पाइप घेतला, सोल्युशनची डबी घेतली. घरी येऊन पाइपाच्या खोक्याबाहेर आलेल्या तोंडाला एल्बो चिकटवला आणि त्याला जोडपाइप. डिकीत गणपतीच्या सोंडेसारखं काहीतरी वाकडं दिसायला लागलं. शोभा गेली खड्ड्यात. साडेदहा वाजले होते आणि सोल्युशन वाळायचं होतं. तेवढ्यात अप्पांनी माझ्या फोनवर हावड्याच्या गृहस्थांचा मेसेज पुढे पाठवला, पूल ओलांडला म्हणून.

वर गेले तर अप्पा धुतलेला सदरा घालून तयार. पखवाज आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळून दाराशी ठेवलेला.

"खाली चला," मी वहीत लिहिलं.

"काल बसलो होतो. पुरे."

"पाच मिनिटं."

"पोरी, नको करूस. माझं झालंय वाजवून."

मी लिहिलं, "पाच मिनिटं बसा. मग कुणालाही द्या. मी एक शब्द बोलणार नाही." अप्पांनी ते वाचलं, एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पखवाज उचलून बगलेत घेतला. "खालीच देतो त्यांना परस्पर," म्हणाले.

ते मागे बसले, पखवाज मांडीवर. मी पुढच्या सीटवर मागे तोंड करून गुडघ्यांवर बसले. आरसाबिरसा काही नको होता मला आज. तेच भजन लावलं.

कालच्यासारखा पत्रा थरथरला नाही. आवाज खाली उतरला होता. येत होता आणि थांबत होता, येत होता आणि थांबत होता. अप्पा डोळे मिटून बसले होते. काही नाही. एक ओळ गेली, दुसरी गेली. मग त्यांचा डावा हात गोधडीवर आला आणि हळूच पडायला लागला. रेकॉर्डिंगच्या बरोबर. आणि तिसऱ्या ओळीच्या मध्यावर तो हात वरच थांबला. क्षणभर तसाच, हवेत. मग खाली आला. पुढच्या ओळीत पुन्हा तिथेच थांबला.

अप्पांनी डोळे उघडले. ते भरलेले होते.

"हा मी आहे," ते म्हणाले. "आणि ती गातेय."

मी घाईघाईने लिहिलं, "आई ऐकू येतेय?"

"नाही गं. ती नाही ऐकू येत. उजवा हातही येत नाही, नुसता डावा येतोय. पण ती कुठे थांबते ते कळतंय ना. इथं ती श्वास घ्यायची. दमा होता तिला, ओळ मध्येच तुटायची. मी तेवढा हात उचलून धरायचो, म्हणजे लोकांना वाटायचं, चालच तशी आहे."

ती कॅसेट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली असेल. त्या थांबण्याला मी अप्पांची लकब समजत होते. माझे दोन्ही कान शाबूत आहेत आणि मला एकदाही कळलं नव्हतं. मी वही मिटून मांडीवर ठेवली आणि मोठ्याने रडले. अप्पांनी हात पुढे करून माझ्या डोक्यावर थोपटलं, आणि भजन संपेपर्यंत दुसरा हात गोधडीवर चालू ठेवला.

कुणीतरी काचेवर टकटक केली. हावड्याचे गृहस्थ, हातात मिठाईचा डबा, खांद्याला पखवाज न्यायला आणलेली मोठी पिशवी. मी डोळे पुसून काच खाली केली.

"तुम्हाला उगाच हेलपाटा पडला," अप्पाच म्हणाले. "पखवाज आत्ता नाही देता यायचा. डाव्यावर भागेल माझं. पण आलाच आहात तर बसा असे शेजारी, काहीतरी ऐकवतो." मग माझ्याकडे वळले. "तू काय बघत बसलीस? वर जा आणि कणीक मळून आण. आणि पोळीसारखी मऊ नको."

मी वर गेले. डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं, पाणी जास्त पडलं, आणि मला दोनदा पीठ घालावं लागलं.