समास सोडून खरी नक्कल

ही हकीकत सांगायची मी इतकी वर्षं टाळली. जुन्या कामाबद्दल कोणी विचारलं की मी दुसऱ्याच गमती सांगायचो. आता वकीलसाहेब नाहीत, चर्चच्या कमिटीतलंही कोणी उरलं नाही. त्यांच्या नातवंडांना हे वाचून राग आला तर खुशाल येवो. कागदावर सही माझी होती. बोलायचा हक्कही माझाच.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. गोंदियात एका वकिलाकडे मी कारकून होतो. अक्षर चांगलं आणि जुनं वळणदार इंग्रजी वाचता यायचं, म्हणून एक वेगळं काम माझ्याकडे आलं होतं. गोरे निघून गेले, पण त्यांचे मेलेले इथेच राहिले होते. अधूनमधून विलायतेहून पत्र यायचं : आमचा अमुक नातेवाईक तुमच्याकडे रेल्वेत होता, त्याच्या नोंदी शोधून द्या.

नोंदी दोन ठिकाणी सापडतात. एक म्हणजे पॅरिश रजिस्टर. तलाठ्याचा जसा हलका, म्हणजे त्याच्याकडची ठरावीक गावं, तसा पादरीचा पॅरिश. त्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफन तो तीन वह्यांत लिहितो. दुसरं ठिकाण प्रोबेटचे कागद. मेलेल्या माणसाचं मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टानं शिक्का मारून सांगणं म्हणजे प्रोबेट. दोन्ही जुळवले की वंशावळ उभी राहते.

त्या वेळचं पत्र पेनफोल्ड नावाच्या घराण्याच्या वकिलाचं होतं. विल्यम पेनफोल्ड सालेकसा भागात रेल्वेच्या पुलांचा इन्स्पेक्टर होता. तिथेच तापानं वारला, गोंदियाच्या गोऱ्यांच्या कब्रस्तानात पुरला. घराण्यात एका मृत्युपत्राचं प्रोबेट चाललं होतं. विल्यमला लग्नाची बायको किंवा मूल होतं का, एवढंच त्यांना हवं होतं. पत्राच्या शेवटी वाक्य होतं : आमच्या समजुतीप्रमाणे तो अविवाहित होता.

मी चर्चमध्ये गेलो. राखणदार योहाननं पेटी उघडली. त्याला इंग्रजी येत नव्हतं. किल्ली त्याच्याकडे असली तरी कमिटीच्या चिठ्ठीशिवाय तो पेटी उघडत नसे, आणि कमिटीचे सल्लागार आमचेच वकीलसाहेब.

"मुन्शीजी, दीमक देख के," योहान म्हणाला. "साहेब लोकांना माणसं नाही खाऊ शकले, वाळवी खाऊन राहिली."

दफनाच्या वहीत विल्यम सापडला. लग्नाच्या वहीत नाही. बाप्तिस्म्याच्या वहीत एक मुलगी सापडली : मेरी. आई सुकवारो, गोंड, राहणार सालेकसा. बापाच्या रकान्यात आडवी रेघ.

पण त्या पानाच्या समासात, उभ्या बारीक अक्षरात, दुसऱ्या पादरीनं तीन ओळी लिहिल्या होत्या. या मुलीचा बाप विल्यम पेनफोल्ड. मी दौऱ्यावर असताना त्याच्या बंगल्यात, तो आजारी असताना, त्याचं सुकवारोशी लग्न लावलं. लग्नाची वही सोबत नसल्यामुळे इथे नोंद करतो. खाली सही, तारीख आणि एक अंगठा.

मला सगळं कळलं. दौऱ्यावरच्या पादरीच्या पेटीत एकच वही असायची. बाप्तिस्मे वाटेत होतात, लग्नं क्वचित. परत आल्यावर नोंद लग्नाच्या वहीत चढवायची राहून गेली असणार.

मी समासासकट नक्कल तयार केली आणि साहेबांपुढे ठेवली. त्यांनी त्या तीन ओळींवर पेन्सिल फिरवली.

"हे काय आहे?"

"समासातला शेरा, साहेब."

"नक्कल कशाची करतात?"

"रकान्यांची."

"मग? शेरा कोणी वेगळा मागितला तर द्यायचा. मागितलाय?"

"नाही. पण त्यांनी लग्न झालं का विचारलंय."

"लग्नाच्या वहीत नोंद आहे?"

"नाही."

"बस. इतनाच लिखो. विलायतेची कामं सरळ उत्तरांवर येतात. त्यांना एक फांदी छाटायची आहे, तू कायले पाणी घालतोस?"

नियम खरोखर तसाच होता. दाखला रकान्यांचा, शेरा मागणीवरून. मी पुन्हा नक्कल केली. प्रत्येक अक्षर बरोबर. खाली लिहिलं : मूळ नोंदीशी ताडून पाहिली, खरी नक्कल. सही केली. इतका खरा आणि इतका खोटा कागद मी पुन्हा कधी केला नाही.

आठवड्यानं मेरी ऑफिसात आली. सालेकसाच्या दवाखान्यात ती नर्स होती. उंच, सावळी, डोळे घारे. पायातल्या चपलांवर लाल धूळ. तिला बस म्हणायच्या आत ती बसली.

"बाबू, पेनफोल्ड साहेबाची वही तुमीच पाहिली म्हणते योहान."

"हो."

"माही माय जाऊन राहिली. चार दिवस, नाहीतर आठ. तिले साहेबाच्या बाजूले जागा पायजे. बाजूची जागा खालीच आहे. कमिटी म्हणते, लग्नाचा कागद आन. चर्चमधल्या माणसाची बायको असंन तरच भिंतीच्या आत."

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"माय म्हणते, पादरीनं वहीत लिहिलं होतं," ती म्हणाली. "तिनं अंगठा देला होता. शाई दोन दिवस निघाली नाही म्हणते. तुमी पान पुरं पाहिलं का?"

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. साहेबांच्या खुर्चीची करकर थांबली होती.

"पाहिलं," मी म्हणालो. "बापाचा रकाना रिकामा आहे. नक्कल हवी तर देतो."

"लग्नाचं काही नाही?"

"नकलेत आहे तेवढंच आहे."

तिनं नक्कल घेतली, दोनदा वाचली. "तिरपी रेघ मारली असती तरी बरं होतं," ती म्हणाली. "आडवी रेघ म्हणजे तर माणूस झोपलाच." ती हसली. मी हसलो नाही. जाताना दारातून म्हणाली, "मायले काय सांगू? शाई खोटी होती म्हणून सांगू?"

पुढच्या रविवारी योहान भेटला. "बुढ़िया गई, मुन्शीजी. कमिटी ने मना किया. दीवार के बाहर."

मी कब्रस्तानात गेलो. आत विल्यमचा दगड. त्याच्या बाजूला गवत, मोकळी जागा. भिंतीपलीकडे ताजी माती. तिच्या लोकांनी वर मोहाची डहाळी ठेवली होती. दोघांमध्ये मी पावलं मोजली. सात पावलं आणि एक भिंत. ती भिंत कमिटीनं बांधली नव्हती. ती माझ्या अक्षरात होती.

सोमवारी कमिटीची चिठ्ठी न घेता मी चर्चमध्ये गेलो. योहाननं स्वतःहून पेटी उघडली. मी पूर्ण पान उतरवलं. रकाने, समास, सही, अंगठ्याची जागा, सगळं. तीन प्रती केल्या. एक विलायतेला टपालात टाकली, एक कमिटीच्या चिटणीसाच्या हातात दिली. तिसरी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"हे कोणी मागितलं?"

"कोणी नाही."

"मग काऊन केलं?"

"समास पण पानाचाच असतो, साहेब."

ते उठून उभे राहिले. "पहिल्या नकलेवर सही तुझी आहे. खोटा तूच ठरशील, समजलं?"

"ठरलोच आहे. आता निदान लेखी ठरू द्या."

"उद्यापासून येऊ नको."

"आजच जातो."

दौत माझी स्वतःची होती. ती उचलली आणि निघालो. त्यानंतर गोंदियातल्या कोणत्याही वकिलानं मला ठेवलं नाही. मी धानाच्या गिरणीत पावत्या लिहिल्या. त्याची तक्रार नाही. घाबरून जी सही केली तिच्यापेक्षा ती नोकरी गेलेली बरी.

कमिटी दोन बैठका बसली. ठराव झाला : लग्नाची नोंद आता वहीत चढवावी, साहेबाच्या दगडावर बाईचं नाव कोरायला हरकत नाही, प्रेत मात्र हलवता येणार नाही. म्हणजे नाव आत आणि बाई बाहेर.

विलायतेहून उत्तर आलं ते वकिलाचं नव्हतं. विल्यमच्या म्हाताऱ्या बहिणीचं होतं. प्रोबेटचं काय झालं हे तिनं लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. सोबत घराण्याची वंशावळ होती, तिनं हातानं काढलेली. विल्यमच्या नावापुढे आधीचं 'अविवाहित' खोडून लिहिलं होतं : पत्नी सुकवारो. खाली एक रेघ, आणि मेरी. ही रेघ उभी होती.

ती घेऊन मी सालेकसाला गेलो. मेरी दवाखान्याच्या ओट्यावर सुया उकळत होती. तिनं हात पुसले, आधी समासाची नक्कल वाचली, मग वंशावळ. अंगठ्याच्या जागेवर तिचं बोट बराच वेळ होतं.

"म्हणजे शाई खरी होती," ती म्हणाली.

"हो."

"तुमच्या नजरेतून सुटलं असंन तेव्हा. बारीकच आहे. माहीही सुई कधी चुकते, बाबू. पण तुमी पुन्हा जाऊन पाहिलं. कोण पाहते पुन्हा?"

तिनं मला चहा दिला. मी तो प्यालो. माझी नोकरी गेल्याचं तिला योहाननं सांगितलं होतं. त्याबद्दल ती हळहळली आणि मला गाडीपर्यंत पोचवायला आली.

गिरणीतल्या नवीन कारकुनांना मी पुढे एकच सांगत आलो : पान उतरवायचं तर कडेपासून कडेपर्यंत उतरवा. खऱ्या गोष्टी लिहायला बहुतेक वेळा रकाना नसतो.

पण स्टेशनवर गाडी यायला वीस मिनिटं होती आणि आम्ही दोघंच बाकावर होतो. सांगायचं वाक्य मी गोंदियाहूनच पाठ करून आणलं होतं. गाडी आली, मी चढलो, तिनं हात हलवला. वाक्य लहानसंच होतं. मेरीबाई, माझ्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. तुम्ही समोर बसला होतात, तेव्हा तो शेरा मला पाठ होता. मला माफ करा.