पदर, हॅन्डल आणि अक्का

मंडळी, आज सकाळी मेहरूण तलावावर घडलेलं सांगते.

माझ्या सासूबाई, अक्का, एकाहत्तर वर्षांच्या. लहानपणी राहून गेलेली सायकल आता शिकताहेत. तोल जमतो, पण नात्यातलं वडीलधारं कोणी दिसलं की डोक्यावर पदर घ्यायला हात जातो आणि सायकल आडवी होते. दोन्ही गुडघे सोललेत.

आज नेमके समोरून त्यांचे थोरले दीर आले, असोद्याचे नाना. अक्कांनी पदरासाठी हात सोडला, सायकल डगमगली.

नाना थांबले आणि तलावाकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "मी पाह्यत नाही. तू हॅन्डल सोडू नको."

अक्का उघड्या डोक्याने त्यांच्या पाठीमागून पुढे गेल्या. त्या लांब जाईपर्यंत नाना वळले नाहीत.

तुमच्या घरात कोणाचं काय अडलंय, फक्त तुम्ही बघताय म्हणून?