शरयूमावशींसाठी निवडलेली बंदूक

माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल बहुतेक सगळं माहीत आहे. लग्नाआधी एका मुलाला दिलेला होकार मी आठवड्याभरात फिरवला होता, हे माहीत आहे. सासूबाईंची पैठणी मी इस्त्रीने जाळली आणि नाव लाँड्रीवाल्याचं सांगितलं, हेही माहीत आहे — त्यावर तो अजून हसतो. हे एवढं मात्र मी त्याच्यापासूनही लपवलं. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही माझी समजूत घालायला उठून येणार नाही, म्हणून असेल.

मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही. या बाबतीत तर नाहीच — तेव्हा थोडं मागून सुरुवात करते.

दोन हजार चार साली आम्ही पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला राहत होतो. नवरा विद्यापीठात शिकवायचा आणि मी मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. तिकडे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायचा. शाळांना सुट्टी, आणि आमची निम्मी कंपनी नारिंगी टोप्या घालून जंगलात. माझ्या शेजारी बसणारा वॉल्ट मला आदल्या वर्षीच एकदा त्याच्या शेतावर नेमबाजीला घेऊन गेला. आमचं ग्रीन कार्ड आलेलं होतं, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. अडचण हातांची होती. माझे हात इतके लहान की हिवाळ्यातले हातमोजे मी अजून मुलांच्या विभागातून घेते. हिला काय जमणार, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं — मग काय, मी हट्टाने शिकले. वर्षभरात महाराष्ट्र मंडळात माझं नाव ‘फौजदारीण’ पडलं. आरतीला मला उशीर झाला की कुणीतरी म्हणायचंच, आल्या बाई, आता सगळे हात वर करा! मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

त्या वर्षात मी एक गोष्ट शिकले, ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हात लहान आणि बोटांत जोर कमी असला की लोक लहान बंदूक सुचवतात. ते चूक आहे. मुठीत मावणारं हलकं रिव्हॉल्व्हर दिसायला गोंडस असतं, पण त्याचा चाप — म्हणजे बोटाने ओढायचा तो — फार घट्ट असतो. त्यापेक्षा जरा मोठं, वजनदार, पण मऊ चापाचं पिस्तूल अशा हाताला सोपं जातं. रिव्हॉल्व्हरच्या पाठीवर एक घोडा असतो; तो आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप हलका होतो, हे खरं. पण घोडा ओढायलाही अंगठ्यात ताकद लागतेच. हे सगळं मला पहिल्याच महिन्यात, बोटाला फोड आणून, कळलेलं होतं. म्हणजे मला माहीत होतं — एवढं लक्षात ठेवा.

शरयूमावशी आमच्या नात्यातल्या नव्हत्या. मंडळातल्या सगळ्यांच्याच त्या मावशी. मूळच्या नागपूरच्या, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इकडे आलेल्या, भूलतज्ज्ञ. अगदी तान्ह्या बाळाचं ऑपरेशन असलं की सर्जन त्यांनाच बोलवायचे. तेवढ्याशा घशात नळी सरकवायला इतकी लहान आणि स्थिर बोटं त्या हॉस्पिटलात दुसऱ्या कुणाची नव्हती. हे त्या स्वतःच सांगायच्या, पुन्हा पुन्हा, आणि हात पुढे करून दाखवायच्या. निवृत्तीनंतर संधिवाताने पेरं सुजली, तरी दिवाळीत करंज्यांना मुरड घालायचं काम त्यांच्याकडेच असायचं. काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. गावाबाहेर, मक्याच्या शेतांना लागून असलेल्या घरात त्या एकट्या राहायच्या, आणि एकटंच राहणार यावर ठाम होत्या. मुलगा निखिल कॅलिफोर्नियात. त्याचं प्रत्येक फोनवर एकच — घर विक आणि इकडे ये.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात त्यांच्या रस्त्यावरची दोन घरं फोडली गेली. तिसरं त्यांचं. भर दुपारी त्या वरच्या मजल्यावर पडल्या होत्या आणि खाली गॅरेजमधून कुणीतरी काकांची ड्रिलची पेटी आणि सायकल उचलून नेली. निखिलला आयतं कारण मिळालं. पण मावशी ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मला फोन केला.

“फौजदारीणबाई, मला एक बंदूक घेऊन दे. म्हणजे निखिलचं तोंड बंद होईल. बोटं माझी ही अशी — त्यांना जमेल अशी बघ. मला त्यातलं काही कळत नाही, तू सांगशील ती घेईन.”

दुसऱ्या दिवशी निखिलचा फोन. “तिला नो म्हणू नकोस, प्लीज. म्हटलंस तर ती एकटीच जाऊन घेईल. पण काहीतरी कर ना, यार. घाबरून ती मेलमनला शूट करेल! तुझं ऐकते ती.”

आपल्याकडे वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणत नाहीत. जे करायचं ते परस्पर करतात. माझ्या माहेरी आजोबांची स्कूटर कुणी काढून घेतली नाही. वडिलांनी नुसता प्लग सैल करून ठेवला, आणि आजोबा वर्षभर मेकॅनिकच्या नावाने बोटं मोडत राहिले. घरात सगळे याला प्रेम म्हणायचे. मीही म्हणायचे.

तर मी एक युक्ती काढली. निखिलने सुचवलेली नाही — माझी, स्वतःची. मावशींना बंदूक घेऊन द्यायची, पण त्यांच्या बोटांनी कधीच उडणार नाही अशी. त्यांना आधार वाटेल, निखिलला घोर राहणार नाही, आणि कुणाला काही कळणार नाही. मला मावशींची काळजी होती का? होती, थोडी. पण चांगली बंदूक घेतली असती तर दर शनिवारी त्यांना सरावाला न्यावं लागलं असतं, आणि शनिवार मला माझा हवा होता. शिवाय मायलेकरांचं भांडण आपण गुपचूप मिटवतोय, याची मजा वाटत होती. ही मजा मला अजून आठवते, आणि तिचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुकानदार म्हातारा होता, सबुरीचा. त्याने मावशींचे हात आधी नीट बघितले, मग एक मध्यम आकाराचं पिस्तूल काढलं. गोळी चढवायला त्याचा वरचा भाग मागे ओढावा लागतो. मावशींनी चिमटीत धरून ओढला तर तो हलेना. म्हाताऱ्याने दाखवलं — चिमटीत नको, अख्ख्या मुठीत धरा, आणि दुसऱ्या हाताने पिस्तूलच पुढे ढकला. तिसऱ्या खेपेला जमलं. चाप तर त्यांनी सहज ओढला. “जमलं की गं!” मावशी मला म्हणाल्या आणि पुन्हा करून दाखवलं. शाळेत पहिला नंबर आल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

मी काय केलं? काचेखालचं एक छोटं रिव्हॉल्व्हर मागितलं. घोडा माझ्या अंगठ्याने मागे ओढून ठेवला आणि मग ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चाप ओढला — टिक. रिकामंच होतं.

“हे तर आणखी सोपं!”

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग मावशींना म्हणाला, “मॅम, घोडा न ओढता एकदा ट्राय करा. तुमच्यासाठी हे फार हार्ड आहे.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत म्हणाले, “मावशी, त्याला महागातलं गळ्यात मारायचंय.” दुकानदाराबद्दल असं म्हटलं की आपल्यातल्या कुणालाही ते लगेच पटतं. त्यांनाही पटलं. त्यांनी पुन्हा ओढून बघितलं नाही.

नंतर एकदाच मी त्यांना वॉल्टच्या शेतावर नेलं. त्या दोन्ही हातांनी धरून उभ्या राहायच्या, मी बाजूने घोडा ओढून द्यायची, त्या चाप ओढायच्या. पाचपैकी दोन गोळ्या डब्याला लागल्या. परत येताना मी दोन सूचना दिल्या. वेळ आली तर घोड्याच्या भानगडीत पडू नका, नुसता चाप ओढा, गोळी सुटते. हे खरं होतं — ज्याच्या बोटात जोर आहे त्याच्यासाठी. दुसरी सूचना अशी की घरी रिकामी कधी चालवून बघू नका, आतली पिन मोडते. हे धडधडीत खोटं होतं. त्यांना कळू नये म्हणूनच ते सांगितलं. मावशी डॉक्टर माणूस, सूचना अक्षरशः पाळणाऱ्या. त्यांनी ती बंदूक स्वयंपाकघरात, लाटण्याच्या खणात ठेवली, आणि दोन वर्षं निर्धास्त राहिल्या.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात, दुपारी चारच्या सुमाराला, एक अनोळखी माणूस त्यांच्या मागच्या दारातून आत आला. मावशी चहा टाकत होत्या. त्यांनी खण उघडला, बंदूक रोखली, आणि बाहेर जा म्हणून बजावलं. तो थांबला नाही. त्यांनी चाप ओढला. चाप हलला नाही. दोन्ही हातांची बोटं लावून ओढला, तरी हलला नाही. तो माणूस ते बघत उभा राहिला, मग जवळ आला आणि लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी त्याने ती बंदूक काढून घेतली. टेबलावरची त्यांची पर्स घेतली आणि निघून गेला. मावशींना ओरखडाही आला नाही. चहा उतू गेला, असं त्यांनी मला सांगितलं.

मंडळात सगळे म्हणाले, बरं झालं उडली नाही ते. बरं झालंही असेल. मी ते माझ्या बाजूने धरत नाही, कारण मावशींनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. बंदुकीवर त्यांना शंकाच आली नाही — ती मी निवडलेली होती ना? त्यांनी डॉक्टरासारखं स्वतःचं निदान केलं. हात गेले. पंधरा दिवसांत त्यांनी गाडी चालवणं सोडलं. ज्या बोटांना चाप ओढवत नाही त्यांच्यात स्टिअरिंग कशाला द्यायचं, म्हणाल्या. त्या दिवाळीत करंज्यांची परात त्यांनी माझ्याकडे सरकवली आणि खुर्चीत बसून राहिल्या. पेरं होती तेवढीच सुजलेली होती, त्याहून जास्त नाही. वसंतात घर विकलं, निखिलकडे जायचं ठरवलं. सामान बांधायला मी चार दिवस जात होते. त्यांची काचेची भांडी मीच कागदात गुंडाळली. त्या चार दिवसांत कधीही एक वाक्य बोलले असते — मावशी, तो चाप मलासुद्धा जेमतेम ओढता येतो. मग त्यांनी विचारलं असतं, मग मला तीच का दिलीस? म्हणून नाही बोलले. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. आता त्या नाहीत. दोन हजार आठमध्ये ऑफिसच्या कामाने कॅलिफोर्नियाला गेले होते, तेव्हा एका सकाळी निखिलच्या घरी गेले. तो आणि त्याची बायको कामावर होते. मावशी खिडकीशी बसलेल्या, अंगावर शाल. मंडळातल्या सगळ्यांची चौकशी करून झाली. मग म्हणाल्या,

“एक विचारू का गं? वाईट वाटून घेऊ नकोस. त्या बंदुकीतच काही दोष नव्हता ना? कधी कधी मनात येतं, तिचंच काही अडलं असेल. माझ्या हातांचं नसेल.”

घरात आम्ही दोघीच होतो. सांगितलं असतं तर त्या रागावल्या असत्या, कदाचित तोंड बघितलं नसतं माझं — फार तर एवढंच ना? आणि त्यांचे हात त्यांना परत मिळाले असते. किती आशेने विचारलं होतं त्यांनी, ते मला स्वच्छ दिसत होतं.

“नाही मावशी,” मी म्हणाले. “बंदूक चांगली होती.”

त्यांनी मान हलवली. “मलाही तसंच वाटलं होतं,” म्हणाल्या. मग टेबलावरच्या टोपलीतलं एक संत्रं माझ्याकडे सरकवलं.

“हे तेवढं सोलून दे गं.”

मी सोलून दिलं.