घासभर नको, अख्खी प्लेट

घाटकोपरला मामाकडे दोन दिवस जायचं ठरलं, तेव्हा आम्ही भावंडांनी नाशिकलाच खाण्याचा बेत वहीत लिहून काढला. शनिवारी सकाळी मसाला डोसा, दुपारी पंजाबी, संध्याकाळी जुहूची भेळ. ते पान उघडून उघडून पार मऊ पडलं होतं.

मुंबईत उतरल्यावर मामाकडे जायच्या आधीच आम्ही बाबांना स्टेशनजवळच्या उडपी हॉटेलात ओढलं. तिथला वेटर उंच होता, खांद्यावर ओला फडका, कानामागे पेन्सिल. पण ती पेन्सिल त्याने काढलीच नाही. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो, तेव्हा तो हनुवटीनेच एकेकाला पाळी देत गेला आणि बोटाच्या पेरांवर ऑर्डर मोजत गेला. शेवटी आईकडे वळला.

"वहिनी, तुमचं?"

"मला वेगळं नको. यांच्यातलंच घेईन घासभर."

आई नेहमी हेच म्हणायची, आणि आमच्यातलं काही उरायचंच असं नाही. वेटर हलला नाही. पुसलेलं टेबल त्याने पुन्हा सावकाश पुसलं.

"घासभर आमच्याकडे मिळत नाय, वहिनी. अख्खी प्लेटच मिळते."

आमचे डोसे अडले होते. आईने भिंतीवरचा फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि बाबांकडे न बघता म्हणाली, "दहीवडा. नंतर कॉफी."

"आता कसं," म्हणत तो वळला. सगळ्यात आधी दहीवडाच आला.

तो माणूस पुन्हा कधी दिसला नाही. मामाकडे पोचल्यावर मी वही उघडली, तर रविवारच्या यादीखाली आईच्या अक्षरात लिहिलं होतं: मला फालुदा. अख्खा ग्लास.