ओरिजिनल

टेकडीच्या माथ्यावर मी दम खात उभा होतो. एक अनोळखी गृहस्थ माझी सायकल पाहून चुकचुकले. "फ्रेम जुनी, झकास आहे हो. पण ब्रेक नवे, चाकं नवी! वाट लावलीत तुम्ही तिची."

माझं डोकंच फिरलं. भंगारात गंजत पडलेली फ्रेम घासून, रंगवून मी पुन्हा डोंगरात आणली, आणि म्हणे वाट लावली! त्यांची माउंटन बाइक तीस वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी. ब्रेकचं रबरसुद्धा तेव्हाचंच. मी नख लावून पाहिलं, तर नुसता दगड.

"याच्यावर उतरणार कसे?"

"ओरिजिनल आहे ते," ते ताठ्यात म्हणाले.

माझ्या आईचा गुडघा बदललाय, डोळ्यात नवं भिंग बसवलंय. ती रोज मंडईत जाऊन भाजीवालीशी हुज्जत घालते. तिला सांगून बघा, की आता तुम्ही ओरिजिनल राहिला नाहीत! वापरायची वस्तू झिजणार, बदलावी लागणार. झिजूच द्यायची नसेल तर भिंतीवर टांगा आणि हार घाला.

रागारागातच मी उतार उतरलो. पायथ्याशी ब्रेक दाबून थांबलो आणि वर पाहिलं. ते गृहस्थ आपली ओरिजिनल सायकल हाताला धरून, एकेक पाऊल जपत, पायी उतरत होते.