फ्लेक्सवरून कापलेले हात

अण्णा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी येळ्ळूरच्या आमच्या कोपऱ्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. फोटो त्याचाच, पण मनगटांच्या वर कापलेला. खाली लिहिलं होतं, ‘हॉटेल व्यवस्थापक’.

माझा थोरला भाऊ व्यवस्थापक कधीच नव्हता. गोव्यातल्या मोठ्या हॉटेलात तो बावीस वर्षं बारटेंडर होता. हा फोटो एका मासिकात आलेला, आणि त्यात त्याच्या हातांत पेयं घुसळायचा स्टीलचा शेकर होता. मजकूर आमच्या चुलत्यांनी, आप्पांनी, दिला होता. मी जाब विचारला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “दारू वाटत हुता म्हणून लिवू व्हय गं? पोरींची लग्नं व्हायची हायत.”

हेच आप्पा गणपतीला अण्णा आला की त्याची पिशवी आधी चाचपायचे. बाटली निघाली नाही, तर पुतण्याला माणुसकी उरली नाही म्हणून दिवसभर ऐकवायचे. तेव्हा त्यांना लग्नं आठवत नसत.

दर मे महिन्यात अण्णाचा फोन यायचा. मग आई आणि मी खानापूरकडच्या रानातून करवंदं आणायचो, डबे भरून, सुतळीनं बांधून गोव्याच्या बसमध्ये ठेवायचो. बोटांना चिकटलेला चीक दोन दिवस जायचा नाही. करवंदाचा रस, गूळ आणि हिरवी मिरची घालून त्यानं एक पेय तयार केलं होतं. दारू न घालता पहिला पेला त्यानं आईला दिला. मीठ कमी पडलंय, एवढंच ती म्हणाली. त्यानं चिमूटभर मीठ वाढवलं, आणि ते तसंच ठेवलं. पुढे त्या पेयासाठी लोक मुंबईहून येऊ लागले, हॉटेलच्या मेन्यूकार्डावर ते सगळ्यांत वर छापलं गेलं. आईच्या जिभेची ती चिमूट कुणाला ठाऊक नव्हती. अण्णा मात्र प्रत्येक मुलाखतीत सांगायचा. छापताना ते वाक्य गाळलं जायचं.

दहाव्या दिवशी आई पहिल्यांदा घराबाहेर पडली. कोपऱ्यावर थांबली, बराच वेळ वर बघत राहिली. मग चार माणसांत आप्पांना म्हणाली, “भावजी, त्याचं हात कुठं हायत?”

आप्पा चप्पल शोधू लागले.

त्याच दुपारी मी बेळगावला जाऊन दुसरा फ्लेक्स करून आणला. अख्खा फोटो, शेकरसकट. खाली एकच शब्द, बारटेंडर. बांधायला आप्पांनी दोरी दिली नाही. आईनं फडताळातून सुतळीचा गुंडा काढून दिला, करवंदाच्या डब्यांसाठी ठेवलेला.