ओली रेती

स्टीलच्या ढलाईच्या कारखान्यात मी लॅबमध्ये होते. साच्याची रेती तपासणं हे माझं काम. माती-पाणी कालवलेली रेती रोज सकाळी तोलायची, वाळवायची, पुन्हा तोलायची आणि तिच्यात पाणी किती ते रजिस्टरमध्ये लिहायचं. पाणी कमी पडलं तर साचा ढासळतो. जास्त झालं तर साच्यात ओतलेल्या वितळलेल्या स्टीलखाली वाफ कोंडते आणि माल आतून पोकळ निघतो.

रेती कालवायला एक काका होते. इथल्याच, इंदूरच्या कापड मिलमध्ये त्यांनी आयुष्यभर सूत कातलं होतं. मिल बंद पडली म्हणून या वयात ते इथे आले होते.

त्या दिवशी मला तुकोगंजला एका ऑफिसात इंटरव्ह्यूला जायचं होतं. मी रेती तपासलीच नाही. कालचाच आकडा उतरवला.

काकांनी मूठभर रेती दाबून माझ्यासमोर धरली. "ताई, आज गीली वाटतेय. एकदा बघून घ्या ना."

"काका, लॅबचं काम लॅबला करू द्या," मी म्हणाले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी साचे फोडले, तर सगळा माल छिद्राछिद्रांचा. मॅनेजरांनी रजिस्टर पाहिलं. आकडा बरोबर होता, म्हणजे पाणी नंतर पडलं असणार. त्यांनी काकांना बोलावलं. मी शेजारीच उभी होते.

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताईंनी लिहिलंय ते बरोबरच असेल. माझ्याच हातून झालं असेल साहेब."

मी गप्प राहिले. काकांना काढलं. ती इंटरव्ह्यूची नोकरी मला मिळाली नाही. मी तिथेच रेती तोलत राहिले.

दोनेक वर्षांनी इथल्या लालबागच्या मेळ्यात काका भेटले, सोबत काकू होत्या. काकांनीच माझी विचारपूस केली. म्हणाले, "सूत कळायचं हो हाताला. रेती नाही कळली."

मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी होती माझी.

 त्यांनी विचारलं, "म्हणजे रेती गीलीच होती?"

"हो काका."

त्यांनी पुढे गेलेल्या काकूंना हाक मारून परत बोलावलं. "आता हिला सांगा, ताई. रेती कळली होती माझ्या हाताला. मी म्हटलं तर नाही पटणार हिला."

मान खाली घालून मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.